गिरणीचा भोंगा आणि लाल खडीचा शिल्पकार

नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गाच्या चाळींतील जुन्या मंडळींना भोंगा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पहिला भोंगा उठण्याचा, दुसरा निघण्याचा आणि तिसऱ्याला दरवाजा बंद. 1982 च्या संपानंतर गिरणगावचे भोंगे एकेक करून थांबले, पण त्या आवाजावर धावलेली पावले आजही अनेक घरांतील म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहेत. या भोंग्याचे शिल्प कोणी केले आहे काय, असे आम्हाला विचाराल तर आम्ही सांगू की होय, केले आहे. ते मुंबईत नाही, बंगालमध्ये आहे. आणि ते करणारा माणूस न्हाव्याच्या घरात जन्मलेला होता.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात बोलपूर नावाचे रेल्वे स्टेशन आहे. तेथून जवळच रवींद्रनाथ टागोरांचे शांतिनिकेतन. तेथील कलाभवनाच्या आवारात उघड्यावर एक मोठे शिल्प उभे आहे. दोन संथाळ बाया धावत निघाल्या आहेत. भातगिरणीचा भोंगा झाला आहे. अंघोळ आटोपून लुगडे वाळवायलाही सवड मिळालेली नाही, म्हणून धावता धावताच ते वाऱ्यावर धरले आहे आणि ते मागे फडफडते आहे. मागून एक पोरगा पळतो आहे. बोलपूरच्या आसपास भातगिरण्या होत्या, तेथे संथाळ बाया कामाला जात, आणि शिल्पकार हे दृश्य रोज पाहत होता. 1956 साली त्याने ते उभे केले. (नागपूरला धम्मदीक्षा झाली तेच हे साल. दोन्हींचा काही संबंध नाही, पण आमच्या वाचकांना साल लक्षात ठेवायला सोपे जाईल.)

या शिल्पकाराचे नाव रामकिंकर बैज. जन्म 1906, गाव बांकुरा. घराण्याचे आडनाव परामाणिक, म्हणजे जातीने न्हावी. 'बैज' हे आडनाव पुढे लागले. आपल्याकडे नाभिक समाजाला गावगाड्यात जे स्थान होते त्याहून बंगालमधील स्थान फार निराळे नव्हते. गावाला प्रत्येक मंगल कार्यात न्हावी लागतो, पण पंगतीत त्याची जागा ठरलेली. घरी पैसा नव्हता. पोराला शाळेपेक्षा चित्रांचा नाद अधिक. गावात मूर्ती घडवणारे कारागीर होते, त्यांच्याकडे जाऊन बसायचे, माती मळून द्यायची, हात चालताना बघायचे, ही त्याची पहिली कलाशाळा. नाटकांचे पडदे रंगवले. असहकार चळवळीच्या दिवसांत पुढाऱ्यांची चित्रे काढून दिली. जे मिळेल ते काम केले.

असा पोरगा बांकुऱ्यातच राहिला असता तर त्याचे काय झाले असते, हे आम्हाला ठाऊक आहे आणि वाचकांनाही ठाऊक आहे. फार तर दुकानाच्या पाट्या रंगवीत म्हातारा झाला असता. पण 'प्रवासी' आणि 'मॉडर्न रिव्ह्यू' या नियतकालिकांचे संपादक रामानंद चट्टोपाध्याय हे मूळचे बांकुऱ्याचेच. त्यांनी या पोराचे काम पाहिले. पाहून "छान आहे" म्हणून ते पुढे गेले नाहीत. 1925 साली त्यांनी त्याला शांतिनिकेतनला पोचवले. रामकिंकर तेव्हा 19 वर्षांचा होता.

आमच्या मते या सगळ्या कथेतला खरा सांधा येथे आहे. गुणी पोरे कोणत्या वस्तीत नसतात? थांबून बघणारा मात्र क्वचित असतो.

कलाभवन 1919 साली सुरू झालेले, आणि तेथे मुख्य होते नंदलाल बोस. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पाने पुढे ज्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह चित्रांनी सजवली तेच हे नंदलालबाबू. त्यांनी नव्या मुलाचे काम पाहिले आणि म्हटले की, तुला तर सारे येतेच आहे, येथे कशाला आलास? मग थोडा विचार करून म्हणाले की, बरे, दोन-तीन वर्षे राहा. ही हकीकत शांतिनिकेतनात आजही सांगतात. रामकिंकर दोन-तीन वर्षांसाठी राहिला तो 1980 साली मृत्यू येईपर्यंत तेथलाच झाला. विद्यार्थी म्हणून आला, शिक्षक झाला, शिल्पविभागाचा प्रमुख होऊन 1971 साली निवृत्त झाला.

आता या माणसाने निसर्गापासून काय घेतले ते पाहू. 'निसर्गप्रेमी कलावंत' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सूर्यास्त, नारळीची झाडे आणि होडी येते, कॅलेंडरवर असते तसे. रामकिंकरचा निसर्ग तसला नव्हता. बीरभूमची जमीन लाल. आपल्या कोकणातल्या जांभ्याचीच ती बहीण. पावसाच्या पाण्याने ती खरवडून जाते आणि मोठमोठ्या घळी पडतात. तेथील लोक त्या भागाला 'खोआई' म्हणतात. पायाखाली सगळी तांबडी खडी. वर ताड, साल आणि आगीसारखे ऊन. मोठाल्या शाळांतून प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून चित्र काढायला शिकवीत असत, तर नंदलालबाबू विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर जात आणि झाड, गुरे, चालणारी माणसे पाहायला लावीत. रामकिंकर तर भर उन्हात ताडाच्या पानांची टोपी घालून चित्रे काढीत बसे. त्याच्या जलरंगांत झाड स्वस्थ उभे राहत नाही, वारा खाते. जमीनसुद्धा चालल्यासारखी वाटते.

शिल्प करायचे म्हणजे संगमरवर हवा, नाही तर ब्राँझचे ओतकाम हवे. त्याला पैसा कोठून आणायचा? शांतिनिकेतनची तिजोरी नेहमीच तोळामासा. तेव्हा रामकिंकरने पायाखाली पाहिले. लाल खडी तर फुकट होती. लोखंडी सळयांचा सांगाडा उभा करायचा, सिमेंटमध्ये ही खडी कालवायची, आणि ओल्या मालाचे गोळे सांगाड्यावर फेकून मारायचे. थापीने सारखे करत बसायचे नाही. माल घट्ट होत आला की वरून तासायचे, खरवडायचे. म्हणून त्याची शिल्पे गुळगुळीत नाहीत. जवळ जाऊन पाहिले तर खडे दिसतात, आणि दुरून पाहिले तर वाटते की जमिनीचाच एक तुकडा उठून चालायला लागला आहे.

आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत गवंडी आहेत, बिगारी आहेत. घमेले, फावडे, माल कालवणे, परांचीवर चढणे हे त्यांना नवे नाही. ज्या सामानातून आपल्या लोकांनी दुसऱ्यांचे बंगले बांधले त्याच सामानातून या माणसाने भारताच्या आधुनिक शिल्पकलेतील पहिल्या मोठ्या उघड्यावरच्या कृती केल्या. सिमेंटला कलेचा मान देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

यातले एक शिल्प आमच्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. 1935 साली रामकिंकरने निलगिरीच्या उंच झाडांमध्ये एक उंच, सडपातळ मुलगी उभी केली. झाडांचे बुंधे जसे सरळ वर गेले आहेत तशीच ती. एका विद्यार्थिनीला पाहून केलेली, निव्वळ एक मुलगी. नंदलालबाबूंनी पाहिले आणि सुचवले की, तिच्या डोक्यावर एक भांडे दे. भांडे दिले, आणि ती सुजाता झाली. बोधिसत्त्वाला खीर घेऊन निघालेली उरुवेलेची सुजाता.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेल्यांना सुजाता ठाऊक आहे. सेनानी नावाच्या गृहस्थाची ती कन्या, आणि तिने सोन्याच्या पात्रातून अन्न आणल्याचे तेथे वर्णन आहे. रामकिंकरच्या सुजातेचे पात्र सोन्याचे नाही, सिमेंट-खडीचे आहे. कॅलेंडरवरची सुजाता दागिन्यांनी मढलेली, हात जोडून बसलेली असते. ही बसलेली नाही. झाडांतून वाट काढीत निघाली आहे, आणि तिच्या अंगावर दागिना आहे की नाही हे पाहायचे सुचतसुद्धा नाही. वैशाख पौर्णिमेला आपण घरोघरी खीर करतो. मुलींना या सुजातेचे चित्र अवश्य दाखवावे, असे आम्हाला वाटते.

सांगतात की, रवींद्रनाथांनी हे शिल्प पाहिले तेव्हा ते कोणी केले याची चौकशी केली आणि रामकिंकरला बोलावून घेतले. तो घाबरला, आता बोलणी बसणार. पण कवी म्हणाले की सगळा आश्रम अशा मूर्तींनी भरून टाक. एक झाली की दुसरी घे, मागे वळून पाहू नकोस. त्याने हा शब्द अक्षरशः पाळला.

1938 साली त्याने 'संथाळ कुटुंब' केले. आजही रामकिंकर म्हटले की हेच शिल्प प्रथम आठवते. माणसापेक्षा मोठ्या आकाराचे. बाप खांद्यावर कावड घेऊन निघाला आहे, कावडीच्या टोपलीत मूल आहे, आईच्या डोक्यावर ओझे आहे, पायांशी कुत्रे चालते आहे. संसार म्हणून जे काही आहे ते सगळे अंगावर घेऊन ही माणसे गाव सोडून कामाच्या शोधात चालली आहेत. 1855 साली सिदो-कान्हूच्या नेतृत्वाखाली सावकार आणि कंपनी सरकारविरुद्ध उठलेले हेच संथाळ. पुढे जमिनी गेल्या आणि खाणी, चहामळे, भातगिरण्या नशिबी आल्या. पण शिल्पात ही माणसे वाकलेली नाहीत. चेहऱ्यावर दया मागणारा भाव नाही. पाऊल लांब टाकलेले आहे. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांत आम्ही अशीच पावले पाहिली आहेत, म्हणून हे चित्र आम्हाला परके वाटत नाही. गरिबाचे चित्र काढणारे पुष्कळ आहेत. गरिबाला उंच करून, लोकांना मान वर करून बघायला लावणारे कमी.

आणि हे 1938 साली. त्या काळात पुतळा म्हणजे राजा, गव्हर्नर, नाही तर शेटजी. रस्त्याने जाणाऱ्या संथाळ बाप्याचा एवढा मोठा पुतळा, तोही कोणाच्या मागणीवाचून उभा करायचा, हे कोणाच्या डोक्यात आले नसते. ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची हजामत करण्याचे काम होते त्याच्या डोक्यात आले. वाचकांनी यावरून काय तो अर्थ घ्यावा.

मध्यंतरी आमच्या वस्तीतील एक बंधू घरी आले. मुलगा दहावीला. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा उत्तम रीतीने पास झालेला. त्याला पुढे चित्रकलाच घ्यायची आहे, आणि वडिलांच्या मनात कॉमर्स. जय भीम झाला, चहा झाला, आणि त्यांनी विचारले, "भाऊ, तुम्ही बी.कॉम. झालात, ऑफिसात टेबलाला बसलात, संसार नीट चालला. तुम्हीच सांगा, चित्रं काढून पोट भरतं का?"

प्रश्न वाजवी आहे. त्यावर कलेच्या थोरवीचे व्याख्यान देणे आम्हाला बरे वाटले नाही. आम्ही स्वतः पगारी कारकून, बिनपगारी माणसाला उपदेश कोणत्या तोंडाने करणार? आणि रामकिंकरचेच उदाहरण घ्यायचे तर ते बापाच्या बाजूनेही वापरता येते. या माणसाला 1970 साली पद्मभूषण मिळाले, नवी दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारात त्याचे यक्ष आणि यक्षी उभे आहेत, तरी तो राहिला साध्या गवती छपराच्या घरात. पावसात छप्पर गळू लागले तेव्हा त्याने आपलीच तैलचित्रे वर लावून गळती थांबवली. ऋत्विक घटक यांनी 1975 साली त्याच्यावर फिल्म करायला घेतली होती, ती अपुरीच राहिली. त्यात म्हातारा रामकिंकर ही गळतीची गोष्ट हसत हसत सांगतो. हसत सांगितली म्हणून आपणही हसावे असे नाही. एवढ्या मोठ्या कलावंताची चित्रे छपराला लागावीत, ही त्या संस्थेला आणि देशाला शोभा देणारी गोष्ट नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रामकिंकर उपाशी राहिला नाही, कारण तो शिक्षक होता. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला. त्या पगाराच्या आधारावर त्याने आयुष्यभर कोणाच्या मर्जीची पर्वा न करता काम केले. शिकवण्याची त्याची तऱ्हाही वेगळी होती. फळ्यावर नियम लिहून देणारा हा मास्तर नव्हे. स्वतः परांचीवर चढून मोठ्या आवाजात गाणी म्हणत काम करायचे, आणि मुलांनी खाली माल कालवायचा, सळया बांधायच्या, बघायचे. बांकुऱ्याच्या मूर्तिकारांकडे तो जसा शिकला तसेच त्याने शिकवले. त्याच्या हाताखालून गेलेले शंखो चौधरी पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिल्पविभाग चालवू लागले. के. जी. सुब्रमण्यन हेही शांतिनिकेतनातून बडोद्याला आले. बडोद्याचे नाव आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले, आणि नोकरीसाठी परत आले तेव्हा त्याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. त्याच शहरातल्या विद्यापीठात पुढे बांकुऱ्याच्या न्हाव्याच्या मुलाची विद्या शिकवली गेली.

रिझर्व्ह बँकेच्या यक्ष-यक्षीविषयी दोन शब्द. हे काम सिमेंटचे नाही, दगडाचे आहे. दगड हिमाचलातील बैजनाथ भागातून आणला. काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि 1967 साली पुरे झाले. यक्ष-यक्षी म्हणजे झाडे, पाणी, धान्य, धन यांचे जुने लोकदैवत. सांची-भारहूतच्या स्तूपांवर ती आहेत. रामकिंकरने मथुरा आणि कलकत्त्याच्या संग्रहालयांतील प्राचीन मूर्ती डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. आम्हाला मात्र खरे सांगायचे तर बँकेच्या दारातील त्या दगडी जोडीपेक्षा बोलपूरच्या धावणाऱ्या बायाच अधिक भावतात.

तर त्या बंधूंना आम्ही एवढेच म्हटले की, दादा, मुलाला दोन वर्षे द्या. आर्ट टीचर डिप्लोमा करता येतो, त्यातून शाळेत कलाशिक्षक होण्याची वाट आहे. जागा सहज मिळत नाहीत हे खरे, पण कॉमर्स करून तरी कोणाला सहज मिळतात? दोन वर्षांत त्याचा हात कोठे जातो ते बघा. नंदलालबाबूंनीही रामकिंकरला दोन-तीन वर्षेच दिली होती. बंधू लगेच "हो" म्हणाले नाहीत. "घरी बोलून बघतो" म्हणाले.

चार दिवसांनी वहिनी आल्या. त्यांनी कापडी पिशवीतून एक गुंडाळी काढली. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मुलाने काढलेली चित्रे होती. त्यात नाल्याकाठचा पिंपळ होता, पाण्याच्या टँकरपुढची रांग होती, आणि पहाटे डबा घेऊन कामाला निघालेली त्याची आई होती, पाठमोरी. वहिनी म्हणाल्या, "मला न सांगताच काढलंय त्यानं. पण चाल माझीच आहे, नाही का?"

चाल त्यांचीच होती. फॉर्मची फी त्यांनी बाजूला काढून ठेवली आहे. वस्तीच्या वाचनालयात एका भिंतीवर ही चित्रे पुढील पौर्णिमेला लावायची असे ठरले आहे. अशी चित्रे काढणारी आणखी दोन-तीन मुले-मुली आहेत असे कळते, तेव्हा त्यांच्या पालकांनीही ती आणून द्यावीत. कागद महाग झाला आहे. ज्यांच्या घरी मागील वर्षाची मोठी, एका बाजूने कोरी कॅलेंडरे पडून असतील त्यांनी ती रद्दीत न देता संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत वाचनालयात पोचवावीत.